गंगाराम आजोबांची हरकत

पिंगुळीचे गंगाराम आजोबा चित्रकथी सांगतात. पोथीतलं एकेक चित्र पुढ्यात धरायचं आणि त्याची कथा गाऊन सांगायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. सत्तरी ओलांडली, पण आवाज अजून खणखणीत, आणि रागही. मी त्यांच्या शेजारचा, दोन्ही रोज ऐकतो. नात संचिता त्यांच्या कथा मोबाईलवर टिपून इंटरनेटवर टाकते.

गेल्या श्रावणात कुणा चॅनलवाल्यानं त्यातली एक कथा जशीच्या तशी उचलली. सुरुवातीला आजोबा आपलं नाव-गाव सांगतात, तेवढं कापलं आणि वर स्वतःचं नाव डकवलं. संचिता संतापली. आजोबांना मात्र त्यात वावगं दिसेना. बापाच्या पोथीतलं चित्र बघून चित्र काढणं, हेच त्यांचं शिक्षण. पोरगं शिकतंय असं समजून त्यांनी संचिताला त्या व्हिडिओखाली लिहायला लावलं, ‘बरा केलंस, असाच चालू ठेव.’

हा भोळेपणा नडला. त्या भामट्यानं ते वाक्य पुरावा म्हणून जोडलं, म्हातारा स्वतःच माझं काम मान्य करतो म्हणाला, आणि तक्रार ठोकली. आजोबांचाच व्हिडिओ चोरीचा ठरवून काढून टाकला गेला. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

वाडीतले म्हणाले, सोडून द्या. पुढच्या वेळी चित्रावर आडवं नाव छापा, कुणाला व्हिडिओ उतरवून घेता येणार नाही अशी सोय करा. आजोबांनी ऐकलं नाही. पुढचं पुढे बघू, म्हणाले, आज गप्प बसलो तर उद्या देवळात हीच कथा गाताना मीच चोर ठरेन.

मग संचिता त्या तक्रारीवर हरकतीचा फॉर्म भरायला बसली. मूळ चित्रण जोडलं, पोथीतल्या चित्रांचे फोटो जोडले. शेवटच्या रकान्यापाशी ती थबकली. हरकत घेणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता समोरच्याला कळवला जाईल, तो कोर्टातही जाऊ शकेल, असं तिथं बजावलं होतं. तिनं ते वाचून दाखवलं, आणि इथंच थांबावं का, असं विचारलं.

“आजा, तुजा नाव तेका धाडतले. रवांदे मां?”

आजोबा सरसावून बसले.

“धाडांदेत. ज्या नाव तेणां कापून टाकल्यान, ताच आता तेका वाचूक व्हया. पुरा लिही गो, बापाशीच्या नावासकट.”