शेवटची घोषणा

मानखुर्दच्या एका पोराला गोळी घालणारा फौजदार कोर्टातून सुटला. निर्दोष, म्हणे. आम्ही घाटकोपर स्टेशनबाहेर निषेधाला बसलो. पोराची आई बोलायला मानखुर्दहून निघाली होती, पण ती पोचायच्या आधीच बंदोबस्तावरचे साहेब म्हणाले, "शेवटची घोषणा द्या आणि उठा."

माझ्या शेजारी झांजा घेतलेल्या एक अनोळखी काकू होत्या. घोषणा संपते न संपते तोच त्यांनी डोळे मिटून दुसरी उचलली. मग तिसरी. झांजांवर अख्खा रस्ता डोलायला लागला. आम्ही हसून बेजार.

"काकू, शेवटची म्हटलं ना?"

"गणपतीत शेवटची आरती कधी शेवटची असता काय रे, झिला?"

साहेबांनी हसू लपवायला तोंड फिरवलं.

पोराची आई माइकपाशी पोचली, तेव्हा काकूंनी झांजा पदरात गुंडाळल्या.