आधी कुणाचं दळण होतं?

सातपूरला कामगार कॉलनीच्या कोपऱ्यावर आमची पिठाची गिरणी होती. पत्र्याचं शेड, दोन दगड, एक मोटर. मोटर चालवायचे आमचे हे, आणि डबे घ्यायचं-द्यायचं काम माझं. त्यामुळे अख्ख्या कॉलनीची मी ‘गिरणीवाल्या वहिनी’! इतक्या वर्षांत किती किस्से जमले असतील, विचारू नका. गिऱ्हाइकांचं सगळं लक्ष आम्ही पीठ किती ठेवून घेतो याच्यावर असायचं. मी किस्से ठेवून घेतेय, हा संशय मात्र कधी कुणाला आला नाही.

एक आधीच सांगते. सोनाराला आणि शिंप्याला लोक चोर म्हणतात, पण पाठीमागे. गिरणीवाल्याला तोंडावर म्हणतात, आणि रोज म्हणतात. तुम्हाला एकदा सवय झाली की मग राग येत नाही, गंमत वाटायला लागते.

* * *

पहिला मान निकम गुरुजींचा. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. मुलगा-सून दोघं ड्युटीवर, म्हणून दळणाचं खातं गुरुजींकडे. डबा ठेवून घरी जायचं हे त्यांना मान्यच नव्हतं. दगडाशेजारी उभे राहायचे. पीठ पडायची कापडी नळी स्वतः झटकायचे. वाकून मोटरखालीसुद्धा बघायचे!

“वहिनी, पाव किलो कमी आहे. कुठं गेलं?”

“उडालं, गुरुजी.”

“उडून कुठं गेलं?”

मी माझे केस दाखवले, भुवया दाखवल्या, भिंतीवरचं पांढरं झालेलं कॅलेंडर दाखवलं. गुरुजींनी नजरेनंच सगळ्याचं वजन केलं आणि म्हणाले, “हे सगळं झटकलं तरी छटाकभर भरेल.”

पुढच्या वेळी ते घरून स्वतःचा ताणकाटा घेऊन आले. दळायच्या आधी गहू तोलले, दळून झाल्यावर पीठ तोललं. आणि काय सांगू, पीठ गव्हापेक्षा जास्त भरलं! रांगेतल्या बायका हसायला लागल्या. मला वाटलं, आज माणूस चार शब्द गोड बोलणार.

गुरुजींनी पिठात बोट घातलं, नाकाशी नेलं, जिभेला लावलं. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, “हे जास्तीचं कुणाचं? आणि त्यानं ते इथं का सोडलं?”

* * *

दुष्काळाच्या वर्षी रेशनवर लाल मिलो आली. ज्वारीच, पण परदेशातली. तिच्याविषयी काय काय अफवा होत्या! कुणी म्हणे तिकडं डुकरं खात नाहीत म्हणून इकडं पाठवली. कुणी म्हणे यात धोत्र्याचं बी आहे. कुणी म्हणे खाल्ली तर पोरं होत नाहीत, त्यावर आमचे हे म्हणायचे, “मग सरकार फुकट वाटेल की!”

खायला दुसरं काही नव्हतं, पण मिलो खातो असं कबूल कोण करणार? भर दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना, फडक्याखाली झाकलेले डबे यायचे.

“वहिनी, म्हशीसाठी जरा भरडून द्या.”

एक आली, दोन आल्या, आठवड्याभरात निम्मी कॉलनी म्हशीसाठी दळण घेऊन आली. अख्ख्या कामगार कॉलनीत एकही म्हैस नव्हती! खोल्यांत माणसं मावत नव्हती, तिथं म्हैस कुठं बांधणार?

मी पण पक्की. चेहरा सरळ ठेवून विचारायचे, “जाड भरडू का?”

“नको गं बाई, बारीकच काढ. आमची म्हैस जाड खात नाही!”

* * *

पण दळणाच्या धंद्यात खरा प्रश्न वेगळाच असतो. गिरणीत आलेली प्रत्येक बाई पहिला प्रश्न हाच विचारते : “आधी कुणाचं दळण होतं?” कारण आधीच्या दळणाचं पसाभर पीठ दगडांत राहतं, ते नंतरच्याच्या डब्यात जातं. बाजरीवर गहू कुणाला नको असतात, ते मी समजू शकते. पण काहींना बाजरीचं काही नसायचं. त्यांना बाजरी कुणाच्या घरची, ते हवं असायचं.

पाठककाकू त्यातल्या. सरकारी दवाखान्यातल्या गांगुर्डे सिस्टर दळण घेऊन आल्या की काकूंना एकदम काहीतरी आठवायचं. “अगंबाई, दूध उतू जाईल!” म्हणून घरी जायच्या आणि मध्ये आणखी एखादं दळण होऊन गेलं की परत यायच्या. सिस्टरची मंडळी बौद्ध, हे काकूंच्या दुधाला बरोबर कळायचं! सिस्टरना हे कळत नव्हतं असं समजू नका. त्या नुसत्या हसायच्या. मला मात्र चीड यायची.

मिलोच्या दिवसांत एकदा दोघी समोरासमोर आल्या. मध्ये घालायला तिसरं दळणच नव्हतं. काकू चुळबुळ करायला लागल्या. तेव्हा सिस्टरच म्हणाल्या, “काकू, तुम्ही आधी घाला. तुमचं पीठ माझ्या डब्यात आलं तर मला चालेल. तुमच्याकडचा गहू चांगला असतो म्हणे.”

“मग! आमच्याकडे मिलो शिवत नाहीत,” काकू म्हणाल्या. आणि मला हातही न लावू देता, डबा स्वतः उचलून वरच्या पेटीत ओतला. डब्यात वरचा थर गव्हाचाच दिसत होता. दळण झालं, काकूंनी घाईघाईनं झाकण लावलं, पण पाय काही निघेना. सिस्टरची ज्वारी आता दगडात पडली होती.

नळीतून पीठ आलं. पांढऱ्याशुभ्र ज्वारीचं पीठ, आणि पहिला पसा चांगला लालसर!

सिस्टरनी ते पीठ बोटांनी चाळवलं आणि शांतपणे म्हणाल्या, “काकू, तुमची म्हैस सुटली वाटतं. आमच्या डब्यात आलीय.”

* * *

आहेरताई सटाण्याकडच्या. लग्न होऊन नव्यानं आलेल्या. माहेरची बाजरी एसटीनं यायची, त्यामुळे तिच्यावर भारी जीव. पहिल्यांदा दळण झालं, डब्याला हात लावला आणि दचकल्याच.

“वहिनी, पीठ इतलं गरम का शे?”

मी सांगितलं, दगड जोरात फिरतो, म्हणून तापतं. त्यांना काही ते पटलं नाही. मोटर बाजरीतला कस ओढून घेते, असा त्यांना डाऊट! तिथंच पायरीवर बसल्या, झाकण काढलं आणि पदरानं पिठाला वारा घालायला लागल्या. नंतर आलेलीनं ते बघितलं आणि तीही वारा घालायला बसली. मग तिसरी. का, ते कुणी कुणाला विचारलं नाही. इतक्या बायका घालतात म्हणजे काहीतरी असणारच!

गांगुर्डे सिस्टर ड्युटीवरून येत होत्या. पायरीवरची रांग बघून थांबल्या.

“काय गं, पिठाला कसला ताप आलाय?”

* * *

रामभाऊंचं नाक्यावर मिसळीचं हॉटेल होतं. चव फक्कड, गर्दी भरपूर. शेवेसाठी लागणारं बेसन आमच्याकडूनच दळून न्यायचे. पोत्यात हरभऱ्याची डाळ किती आणि मका-वाटाणा किती, ते रामभाऊंना माहीत आणि आमच्या दगडांना माहीत. आम्ही एकदा बोललो तर म्हणाले, “वहिनी, डाळीचा भाव बघा. गिऱ्हाईकाला स्वस्त पाहिजे, शेव पिवळी पाहिजे आणि डाळ खरी पाहिजे. यातल्या दोन गोष्टी मी देतो!”

दिवाळीच्या आधी त्यांचं मोठं दळण झालं. पोती बाहेर गेली. मग रामभाऊंनी शर्टाआडून एक छोटा डबा काढला. आत नुसती हरभऱ्याची डाळ, निवडलेली, टपोरी.

“हे घरचं आहे. लाडवाचं.”

ह्यांनी डबा घेतला आणि पेटीत ओतायला उचलला, तसे रामभाऊ केवढ्यानं ओरडले!

“अहो थांबा! आधी दगड साफ करा, नळी झटका, सगळं नीट पुसा! बघताय ना, आत्ता कुणाचं दळण झालंय!”

* * *

दगडांना अधूनमधून टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीनं ठोकून खडबडीत करावे लागतात, नाहीतर ते दळत नाहीत. टाकी लावल्यावरचं पहिलं दळण कचकच लागतं. ते आम्ही गिऱ्हाइकाला कधी दिलं नाही. घरचे गहू घालायचो आणि घरीच खायचो. पण गिरणीवाल्यावर विश्वास कोण ठेवणार?

“सगळेच असं सांगतात,” निकम गुरुजी म्हणाले. “पुरावा काय?”

“रात्री जेवायला या,” हे म्हणाले.

आणि आले की हो! पाटावर बसले. मी वांग्याची भाजी आणि पोळी वाढली. पहिल्या घासाला कर्रकन आवाज झाला तो मला चुलीपाशी ऐकू आला. गुरुजींनी घास गिळला. दाढेवरून जीभ फिरवली. पाणी प्यायले.

“वहिनी,” ते म्हणाले, “तुमचं म्हणणं खरं आहे. पण दर वेळी खाता, की आज मी येणार म्हणून केलंत?”

* * *

आता हिराबाईचा किस्सा सांगते.

नासर्डी नदीच्या काठाला झोपड्या होत्या. दुष्काळात गाव सोडून आलेली माणसं. पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणून मिलोसुद्धा नाही. हिराबाई तिथली. तिचा नवरा एका तंबूतल्या टॉकीजची पोस्टरं लावायचा. संध्याकाळी गिरणी झाडली की ती पातेलं घेऊन यायची.

“वहिनी, झाडणी द्या. खळीला पायजे. पोस्टरं चिकटवायची हाईत.”

झाडून निघालेलं पीठ मी द्यायचे. पुढं तिचा नवरा शिडीवरून पडला आणि घरी बसला. त्यानंतर टॉकीजही तंबू गुंडाळून गेली. हिराबाई मात्र येतच राहिली. झाडणी घेतली की उजेडात धरून बघायची, खडे टिपायची. आणि एक प्रश्न रोज विचारायची. शेजारच्या छोट्या मशीनवर आम्ही मिरची कुटायचो ना, म्हणून.

“आज मिरची कुटली का हो? मिरची आसंल तर नको.”

खळीला मिरचीचं काय वावडं, हे मी तिला विचारलं नाही. मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं होतं. तिची तीन पोरं होती.

कॉलनीला सुगावा लागायला वेळ लागला नाही. निकम गुरुजींनीच पकडलं. “झाडणी म्हणजे आमचंच उडालेलं पीठ. ते रोज कुठं जातं?” पाठककाकू म्हणाल्या, “रामभाऊंना विकत असतील!” लगेच कमिटी नेमायची भाषा सुरू झाली. शेवटी ह्यांनी सांगून टाकलं की विकत नाही, हिराबाईला खळीसाठी देतो.

“टॉकीज तर केव्हाच उठली,” गुरुजी म्हणाले. “मग ही बाई चिकटवते काय? पीठ पुढं विकत असणार. चला, आत्ताच्या आत्ता बघू. खोटं निघालं तर झाडणी बंद!”

दिवेलागणीला आम्ही तिघं तिच्या दारात उभे, गुरुजी पुढं. तीन दगडांवर पातेलं रटरटत होतं. पोरं ताटल्या घेऊन बसली होती. नवरा कोपऱ्यात आडवा पडलेला.

“बाई, खळ कुठाय?” गुरुजींनी विचारलं.

हिराबाईनं एकदाच माझ्याकडे बघितलं. मग पातेल्याकडे बोट केलं. “ही काय. शिजतीय.”

“आणि चिकटवता काय?”

ती उठली. अंथरुणाखाली ओल येऊ नये म्हणून घातलेलं एक जुनं पोस्टर ओढून काढलं. पातेलं उतरवलं. त्यातलं पळीनं काढून पोस्टरच्या पाठीवर ओतलं, हातानंच पसरलं. हात भाजत असणार. आणखी ओतलं, आणखी पसरलं. पातेलं रिकामं झालं. मग ते पोस्टर तिनं पत्र्याच्या दारावर थापलं. घाईत उलटं लागलं. पोरं पोस्टरकडे बघत नव्हती, पातेल्याकडे बघत होती. त्यातलं एकही रडलं नाही.

“बघा गुरुजी. चिकाटलं का नाय?”

गुरुजी पुढं झाले. पोस्टरच्या कडेतून बाहेर आलेल्या खळीला बोट लावलं आणि सवयीनं ते बोट जिभेवर ठेवलं.

“चिकटलं,” ते म्हणाले. “छान चिकटलंय.”

परत येताना गिरणीजवळ गुरुजींनी ह्यांना हळूच विचारलं, “खळीत मीठ घालतात का हो?”

“नाही,” हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी सकाळीच डबा घेऊन आले. डबा नेहमीपेक्षा मोठा होता. आल्या आल्या माझ्यावर खेकसले, “काय ही फरशी! किती कचरा! आधी झाडा, मग पाण्यानं पुसा. घाणीत दळण घेणार नाही मी!” सगळी रांग बघत होती. मी मनात चार शिव्या देत झाडलं, पुसलं. वाळेपर्यंत गुरुजी तिथंच उभे. मग गहू दळून घेतले. पीठ तोललं नाही, नळी झटकली नाही. डबा उचलला आणि दारापर्यंत पोचायच्या आत भरल्या डब्यातलं निम्म्याहून जास्त पीठ फरशीवर गेलं.

“अहो गुरुजी, सांडलं!” रांगेतल्या बायका ओरडल्या. मी धावले, सूप घेतलं आणि वरचं वर भरून द्यायला वाकले.

“हात लावू नका!” गुरुजी कडाडले. “खाली पडलेलं आम्ही खात नाही. झाडणीत घाला. आणि वहिनी, ती झाडणी कुठं जाते, ते बघायला मी संध्याकाळी इथं येऊन उभा राहणार आहे. माझा तुमच्यावर अजिबात विश्वास नाही!”