मागच्या रांगेतली बाई

कोणतीही भिंत दिसली की ते आधी तिच्यावर तळहात ठेवायचे. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, डोळे मिटून. मग म्हणायचे, "वली हाय, आक्का. वाळू द्या." नाहीतर म्हणायचे, "कोरडी हाय. मागं गर्दी बसंल हितं." चित्रात पुढारी बसेल की नाही याची त्यांना फिकीर नसायची. गर्दी बसली पाहिजे.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण दौंडपासून शिरूरपर्यंत सगळे त्यांना रशियन पेंटरच म्हणायचे. तुम्ही त्या रस्त्यानं नव्वदच्या सुमाराला एसटीनं गेला असाल तर त्यांचं काम पाहिलं असणारच. माणूस पाहिला नसेल. तो कायम आपल्याकडे पाठ करून उभा.

शिरूरला दौंडची एसटी वळते त्या कोपऱ्यावर माझी पिठाची गिरणी आहे. मालक गेले तेव्हापासून मीच चालवते. गिरणीची लांब भिंत रस्त्याकडे तोंड करून असल्यानं निवडणूक आली की माझा मान वाढायचा. एरवी "दळण झालं का गं?" विचारणारे लोक 'आक्कासाहेब' म्हणायला लागायचे. जो आधी चुना मारून कोपऱ्यात आपलं चिन्ह काढील त्याची भिंत, असा रिवाज होता. चुना कुणाचाही असो, चित्र काढायला दौंडहून हेच यायचे. बगलेत डबे, खांद्यावर दोरी आणि ब्रश धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले.

आधी ते रेल्वेत होते, डब्यांवर आकडे घालायचे. तिथल्या युनियनच्या खोलीत रशियाचं एक गुळगुळीत मासिक यायचं. त्यातली चित्रं बघून बघून यांचा हात तयार झाला. मोठाले कामगार, वळलेल्या मुठी, नजर लांब कुठंतरी. नोकरी सुटली, पण हात तिकडचाच राहिला. आमच्या तालुक्यातला कुठलाही पुढारी त्यांच्या ब्रशाखालून गेला की त्याचा जबडा रुंद व्हायचा, पोट सपाट व्हायचं आणि तो ढगांकडे बघायला लागायचा. एका उमेदवाराच्या म्हाताऱ्या आईला लेकाचं चित्र दाखवायला मुद्दाम जीपमधून आणलं होतं. तिनं भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यो कोण? माझा पोरगा कुठं हाय?"

पेंटर शांतपणे म्हणाले, "आजी, निवडून आला की असाच दिसंल."

तो पडला, ते वेगळं.

प्रत्येक पुढाऱ्यामागे ते गर्दी काढायचे. पैसे देणारे कुरकुरायचे, गर्दीचं काय काम, नाव मोठं घाला. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे. "एकटा पुढारी म्हंजी बुजगावणं. मागं गर्दी पायजे."

दुपारी ते गिरणीत पोत्यावर बसून भाकरी खायचे. तेव्हा मासिकात वाचलेल्या एका पेंटरची गोष्ट सांगायचे. तिकडचा पेंटर, पण बोलायचे असं की जणू काष्टीचा पाव्हणा. घरांना रंग देणारा पोरगा, राज्य बदललं तसं सरकारनं त्याला मोठाल्या भिंती दिल्या. पुढारी काढला की शाबासकी. तोच पुढारी नावडता झाला की त्यालाच बोलावून सांगायचे, पूस. "त्यो पुसायचा, आक्का. पर फक्त पुढारी. मागची माणसं तशीच ठिवायचा. नवा आला की त्याच गर्दीपुढं उभा करायचा."

"मग पुढं काय झालं त्याचं?"

"मासिकच बंद झालं. देश मोडला त्यांचा." त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला होता. "म्हातारा झाला आसंल. कुणी ईचारतंय का न्हाई, कळंना."

आमच्या भिंतीवरच्या गर्दीत एक बाई असायची. मागच्या रांगेत, उजव्या अंगाला. डोक्यावर पदर, त्याचं टोक दाताखाली, हनुवटीवर गोंदण. बाकी सगळे ढगांकडे बघायचे, ही मात्र सरळ रस्त्याकडे, म्हणजे माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, पेंटर लोकांची असते एकेक सवय.

एका साली पंचायत समितीला विरोधात एक बाई उभी होती. आमच्या भिंतीवर चित्र पुरं होत आलं आणि उमेदवाराची पोरं गाडीतून उतरली. एकानं मागच्या रांगेकडे बोट केलं. "ही कोण? त्यांचीच बाई काढली का आमच्या भितीव? किती घेतलं त्यांच्याकडून?"

"ती कुणाच्याच पार्टीची न्हाई," पेंटर म्हणाले.

"मग पुसा."

त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही नाही चढवला. "पुढारी पुसा म्हणला तर आत्ता पुसतो. तिला न्हाई."

पोरं अंगावर यायला लागली तशी मी पिठाच्या हातानं बाहेर आले. म्हटलं, "ती माझी मावशी हाय. भिंत माझी, मावशी माझी. हात लावून बघा, मतं कशी पडत्यात ते दावते." दळणाला थांबलेल्या बाया माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. पोरं गेली.

मग पेंटरांनी सांगितलं. ती त्यांची बायको, केंदूरची. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापानं गेली. तिची फार इच्छा होती, दौंडच्या स्टुडिओत जोडीनं फोटो काढायचा. हे म्हणायचे, फोटो कशाला, मी पेंटर हाय, मीच काढीन तुला. आज काढतो, उद्या काढतो. युनियनचा मोर्चा असायचा, कुठली तरी सभा असायची. ती गेली आणि घरात तिचं कागदाएवढंही काही नव्हतं.

"तवापास्नं प्रत्येक भितीव काढतो," ते म्हणाले. "पुसली तर पुसू द्या. माझ्या हातात हाय ती."

निकाल लागला की कुणीतरी चुना मारायचंच. पुढच्या निवडणुकीला ती परत उभी राहायची, तोच पदर, तेच गोंदण. मी वाट बघायला लागले होते, खोटं कशाला बोलू. दिवसभर एकटीनं पट्ट्याची घरघर ऐकत बसायचं, त्यात समोर ओळखीचं माणूस आलं की बरं वाटतं.

मग भिंती रंगवायला बंदी आली आणि फ्लेक्स आले. कॉम्प्युटरवर पुढाऱ्याचा हुबेहूब फोटो, मिशीसकट, मागं गर्दी नाही. पेंटर येईनासे झाले. मध्ये निवडणुका होऊन गेल्या. कारेगावला कुणा खोलीमालकाच्या दारावर पाटी रंगवताना दिसले म्हणून कुणी सांगितलं, तेवढंच.

एका दुपारी वीज गेलेली, गिरणी बंद, आणि ते दारात उभे, बगलेत तेच रंगाचे डबे. फार वाळले होते.

"आक्का, भिंत पायजे. कुणाची पार्टी न्हाई. माझीच."

मी म्हटलं, "बाहीर कशाला? आत काढा. हितं कुणी चुना मारीत न्हाई."

आतल्या भिंतीवर त्यांनी हात ठेवला. कोरडी होती. मग कोळशानं काढायला लागले. काढायचे, फडक्यानं पुसायचे, परत काढायचे. भिंत काळी झाली. मी चहा ठेवला होता तो तसाच गार झाला. शेवटी ते वळले. डोळे भरले नव्हते, नुसते रिकामे होते.

"आक्का, तुमी तिला दरसाली बघितली हाय. तिची हनुवटी कशी हुती?"

माझ्या मालकांचा फोटो मोटरवर हार घालून टांगलेला आहे, मला कधी आठवायची पाळीच आली नाही. आणि हा माणूस मला विचारत होता, जिला मी जन्मात पाहिली नव्हती तिच्याबद्दल. पण मला ती पाठ होती.

"डावीकडं जरा दबकी," मी म्हटलं. "गोंदण मधी न्हाई, बाजूला."

त्यांनी काढलं. "आन् भुवई?"

"एक वर. जेवाया कवा येताय, असं ईचारल्यागत."

ते हसले. मग हात सुटला. मी सांगत गेले, ते रंगवत गेले. गाल जरा भरा, नाक येवढं लांब न्हाई, पदर दाताखाली. वीज आली तरी मी मोटर चालू केली नाही. बाया डबे घेऊन आल्या आणि गुमान बघत उभ्या राहिल्या.

झाल्यावर ते मागे सरले. म्हणाले, "व्हय. हीच." आणि सवयीनं पुढे होऊन तळहात ठेवला, तिच्या गालावर. रंग ओला होता, हाताला लागला. मी फडकं पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. तसाच रंगलेला हात छातीशी धरून दौंडच्या गाडीत चढले.

त्यानंतर ते आले नाहीत. मी कंडक्टरांना विचारायचे. कुणी म्हणालं पुण्याला दवाखान्यात आहेत, कुणी म्हणालं खोली सोडून गेले. पुढं काय झालं, कळलं नाही.

भिंतीवर पीठ बसतं. बाजाराच्या दिवशी मी ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसते, गालावरचा हाताचा ठसा मात्र जपून. परवा एक नवी सून दळण घेऊन आली. बघत राहिली आणि म्हणाली, "आक्का, ही कोण ओ?"

"रशियन पेंटरची बायको."

"म्हंजी रशियाची?"

"न्हाई गं," मी म्हटलं. "केंदूरची."