आधी शिडी मागे घ्यायची

जुन्या प्लास्टिकला एक वास असतो. नव्या प्लास्टिकचा सगळ्यांच्या ओळखीचा. नवी कंपासपेटी उघडली की येतो तो. जुन्याचा निराळा. थोडा गोडसर, थोडा औषधी, फार दिवस न उघडलेल्या ट्रंकेत पावडरचा डबा सांडून राहिला असावा तसा. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर परदेशातून आलेलं एक पार्सल फुटलं, फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकचे चार वेढे सुटले आणि तो वास माझ्या चहापर्यंत आला. आतून निघाला एक लाल आगीचा बंब. तळहाताएवढा, कोपऱ्यांवर रंग झिजलेला, पांढरी शिडी पिवळी पडलेली. मी कप बशीत ठेवला तो जरा जोरातच ठेवला गेला असावा, कारण मुलगा म्हणाला, “बघ, ओळखलास ना?”

मुलगा पंचेचाळिशीचा आहे. आठवडाभर ऑफिसात इस्त्रीच्या शर्टात गंभीर चेहऱ्याने बसतो आणि रविवारी सकाळी बेलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये इंटरनेटवर टाकायला खेळण्यांच्या परीक्षणांचे व्हिडिओ करतो. गाडीचा माणूस होणारे रोबो, विमानाचा पक्षी होणारे रोबो, टोपीवाले, मुखवटेवाले, बोटाएवढ्या तलवारी घेतलेले वीर. खोकं कसं आहे, सांधे किती, मान वळते का, रंग कुठे उडालाय, रूपांतराला किती पायऱ्या लागतात आणि शेवटी तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो की नाही, हे सगळं तो इतक्या आस्थेने सांगतो की स्थळ बघायला आलेल्या मंडळींनीही कधी एवढं पाहिलं नसेल. माझी बारा वर्षांची नात मोबाइल धरते आणि शेवटची दोन मिनिटं माझी. बघणाऱ्यांना म्हणे आजी आवडते. मी खेळणं हातात घेते, चष्म्यावरून बघते आणि दहापैकी गुण देते. “गुडघा छान वाकतो, माझ्यापेक्षा बरा. पण उभं राहताना डगमगतो, त्याचे दोन गुण कापले. माझे कुणी कापू नयेत.” एवढ्यावर लोक खूश होतात. मागे एकदा मी एका वीराची इवलीशी बंदूक मिसळणाच्या डब्यात लवंगांमध्ये दडवून ठेवली होती आणि मुलगा अर्धा तास टेबलाखाली रांगत होता. मला हसू आवरेना. मग एकदम आवरलं. वस्तू लपवण्याचा माझा हात जुना आहे, हे त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं.

“हा माझा पहिला रोबो,” मुलगा नातीला सांगत होता. “म्हणजे अगदी हाच नव्हे, याच्यासारखा. मामाने मस्कतहून आणलेला. पंधरा दिवसांत चोरीला गेला. आजची गोष्ट आजी सांगणार, चोरीची.” आणि माझ्याकडे वळून, “आई, मस्त रंगवून सांग हं. तुला जमतं.”

मला जमतं, खरंच. ते कसं जमतं ते सांगायचं तर आधी एका बाईची ओळख करून द्यायला हवी. ती तेव्हा एकतिशीची होती आणि दुर्दैवाने ती मीच होते. गिरगावच्या दीड खोलीतून बेलापूरच्या दोन खोल्यांत आल्यामुळे ती जमिनीपासून चार बोटं वर चालत असे. भोवती अजून निम्मं दलदलीचं खाजण होतं, रस्त्यांना दिवे नव्हते, पण बाईंनी फ्रिजवर रंगीत स्केचपेनांनी वेळापत्रक लावलं होतं. मुलगा चौथीत, स्कॉलरशिपची परीक्षा तोंडावर. परीक्षेला बसायचा होता तो, पास व्हायचं होतं हिला. वरच्या मजल्यावरच्या मुलाने म्हणे गणिताच्या दोन वह्या भरल्या होत्या, हे ऐकल्यापासून हिला घास उतरत नव्हता. अशा बाईच्या घरात अगदी नेमक्या वेळी तो लाल बंब आला आणि मुलगा भागाकार विसरला.

बंबाचा रोबो करणं त्याला काही जमेना. जमलं ते एका मुलीला. दिवाळ्याहून, म्हणजे शेजारच्या कोळीवाड्यातून, एक मासेवाली आमच्या सोसायटीत यायची. ती टोपली घेऊन बाकीच्या बिल्डिंगा फिरून येईपर्यंत तिची मुलगी आमच्याकडे थांबायची. माझ्या मुलाच्याच वयाची, दोन घट्ट वेण्या, बोटं कोलंबी सोलून सोलून तयार झालेली. तिने बंब दोन-तीनदा उलटापालटा केला, कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाली, “तू उगाच छातीला झोंबतंस. आधी शिडी मागं घ्यायची. मंग छाती आपोआप उघरते.” खट् आवाज झाला आणि लाल बंबातून एक चेहरा वर आला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मला कौतुक वाटलं नाही. ती मुलगी शाळेत गणितात पहिली येते, हे तिच्या आईने मला सहज सांगितलं होतं, आणि ते सहज माझ्या घशात अडकलं होतं.

त्याच दुपारी, त्या दोघी मायलेकी गेल्यावर आणि मुलगा खाली खेळायला पळाल्यावर, मी बंब उचलला आणि तांदळाच्या पिंपात खोल पुरला. वर्षाचा तांदूळ, बोरिक पावडर लावलेला. परीक्षा झाली की काढून देऊ, असं मनाशी ठरवलं होतं. यांनासुद्धा बोलले नाही. संध्याकाळी मुलाने घर पालथं घातलं, रडला, आणि मला विचारलं, “आई, तू पाहिलास?” मला खोटं बोलायचं नव्हतं. खोटं बोलणं वाईट, हे मीच त्याला शिकवत होते. मी म्हणाले, “आज घरात कोण कोण आलं होतं, आठव बघ.”

एवढंच. त्या वाक्यात एक शब्द खोटा नाही. त्या एकतिशीच्या बाईला या गोष्टीचा पुढे कित्येक दिवस अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत मेथी निवडत होते. खाली मुलं जमली होती. माझ्या मुलाने तिला सगळ्यांच्या देखत चोर म्हटलं, ते मला वर स्पष्ट ऐकू आलं. तिने फक्त एकदा मान वर करून आमच्या गॅलरीकडे बघितलं. मी मेथीत बघितलं. त्या जुडीचं एकेक पान मला आजही आठवतं, इतकं मन लावून मी ती निवडली. त्यानंतर मुलगी कधी आली नाही. चार दिवसांनी तिच्या आईला मी विचारलंसुद्धा, इतकी मी धीट. “पोरगी दिसत नाही हल्ली?” टोपलीवरचं फडकं सारखं करत ती म्हणाली, “घरी हाय, वैनी. कामाला लावली.” आणि मी म्हणाले, “बरं केलंस, हाताशी आलीच आहे आता.”

परीक्षा झाली. स्कॉलरशिप मिळाली नाही, ती वरच्या मजल्यावर गेली. रोबो मात्र मला काढता येईना. कपाटामागे टाकून ‘अगबाई, इथे पडला होता’ म्हणायचं, हेही मनात येऊन गेलं. पण मग मुलाला तिची माफी मागायला पाठवावं लागलं असतं, आणि पाठवताना त्याच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं. तो तांदळातच राहिला. आणि आता जे सांगते त्याची मला चोरीपेक्षा जास्त लाज वाटते. घर रिकामं असलं की दुपारी मी त्याला बाहेर काढत असे. सांध्यांतून तांदळाचे दाणे झटकायचे, आधी शिडी मागे घ्यायची, खट्. पुन्हा बंब, पुन्हा माणूस. लहानपणी मला कुणी एवढं देखणं खेळणं दिलं नव्हतं. शिस्तीसाठी दडवलेली वस्तू घेऊन ती बाई स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून खेळत बसे, आणि जिन्यात पाऊल वाजलं की बंबाला पुन्हा तांदळात पुरत असे.

त्या वर्षी गौरी-गणपतीच्या विसर्जनाला आम्ही दिवाळ्याच्या खाडीवर गेलो. निर्माल्याची पिशवी माझ्या हातात होती. दूर्वा, केवडा, शमी, आणि तळाशी तो. पाण्यात सोडला, हात जोडले, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, पुनरागमनाय च. गणपती दर वर्षी येतो म्हणून आपण म्हणतो. या बंबाने ते मनावर घ्यायला छत्तीस वर्षं लावली.

तर त्या रविवारी नातीने मोबाइल रोखला, मुलाने प्रस्तावना केली आणि खेळणं माझ्या हातात दिलं. “आता आजी चोरीची गोष्ट सांगेल, पण आधी तिला याचा रोबो करता येतो का बघू. फार अवघड आहे, मला कधी जमलं नव्हतं.” खरं म्हणजे मी गडबडायला हवं होतं. उगाच छातीशी झोंबायचं, चष्मा पुसायचा, हरले म्हणायचं. पण बोटांना कोण सांगणार? बोटांनी शिडी मागे घेतली. खट्. छाती उघडली, चेहरा वर आला, पाय ओढून मी त्याला टेबलावर उभाही केला. सगळं मिळून एक-दोन श्वास.

मुलगा हसायला लागला आणि मधेच थांबला. “आई, तुला कसं येतं हे?” तो हळू म्हणाला. “हे फक्त तिला यायचं.”

मी रोबोकडे बघत होते. त्याला डगमगण्याचे गुण कापायला जागा नव्हती, नीट उभा होता. मी म्हणाले, “मी लपवला होता. तांदळात. तिने नव्हता नेला.”

मग नातीचा आवाज आला, “आजी, हे सगळं रेकॉर्ड झालंय. डिलीट करू?”

“नको,” मुलगा म्हणाला. “राहू दे.” आणि मग माझ्याकडे न बघता, “मी तिला चोर म्हणालो होतो, आई. सगळ्यांसमोर.”

“माहीत आहे. मी गॅलरीत होते.”

तो भांडला असता तर मी दोन शब्द परत तरी दिले असते, माझी जीभ अजून शाबूत आहे. तो उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, “कुठे राहते ती, माहितेय तुला?” माहीत होतं. आईचं दारोदार फिरणं थांबल्यापासून तीच मासे विकते. बाजारातली तिची जागा टाळायला मी गेली कित्येक वर्षं मागच्या गेटने जाते. गुडघे दुखतात तरी.

आम्ही दिवाळ्याला पोचलो तेव्हा ती दारात सुकट पसरवत होती. वेण्यांच्या जागी अंबाडा, केस निम्मे पांढरे. तिने मला लगेच ओळखलं, मुलाला ओळखायला जरा वेळ लागला. पाट दिला. मी सगळं सांगितलं, न रंगवता. मुलाने त्याला जे म्हणायचं होतं ते म्हटलं, अडखळत, आणि रोबो तिच्यापुढे धरला.

“हात खराब हायत माझे. ठेवा थितं,” ती म्हणाली आणि सुकट उलटत राहिली. मग म्हणाली, “मी नाय नेला, येवढं मना म्हायत होतं, काकू. लहान पोरांचं काय, चार दीस वाईट वाटलं, मंग इसरले. पन आयेला खरं नाय वाटलं. लय मारलं तिनं मना. म्हनाली, शिकलेल्या मानसांच्या घरचं पोर खोटं कशाला बोलंल?”

“आहे ती? भेटते मी तिला.”

“सा वर्सं झाली तिला जाऊन.” तिने सुकटीतला एक खडा वेचून लांब टाकला. “तुमाला ती वरचं घालायची ना? दोन चिंबोऱ्या, मूठभर कोलंबी? भरपाई म्हनून घालायची. मना सांगायची, तुजं मी फेडतंय.”

मी पाटावर बसून राहिले. मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता की भिंतीला टेकला होता, आठवत नाही. आठवली ती टोपली. हिशेब झाल्यावर, मी न मागता, त्या बाईचा हात पुन्हा आत जायचा आणि एखादी चिंबोरी माझ्या ताटलीत पडायची. सोसायटीत इतर कुणाला ती वरचं घालत नसे. मी शेजारणींना सांगत असे की घासाघीस कशी करावी ते माझ्याकडून शिका, कोळणीसुद्धा मला वचकून असतात. ती बाई पैसे कनवटीला लावून जिना उतरायची, आणि मी दार लावून चिंबोऱ्या साफ करायला बसायची.

लोक म्हणतात, काळ गेला की बोचरं काही राहत नाही. मला तसा अनुभव नाही. आपण काय केलं ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याच्याशी मी जमवून घेतलं होतं, त्यावर स्वतःची थट्टा करण्याइतकी मी निर्ढावलेही होते. पण आपण काय केलं याचा फक्त आपल्याकडचा तुकडा आपल्याला माहीत असतो. बाकीचा दुसऱ्या कुणाच्या तरी घरात, दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर इतकी वर्षं चालू असतो, आणि तो कळतो तेव्हा ज्याला सांगायचं ते माणूस राहिलेलं नसतं. ती बाई आपली लेक चोर आहे असं समजून गेली. आणि चार-पाच वर्षं, आठवड्यातून दोनदा, मी तिच्या हातचं वरचं घेतलं, खोबरं वाटून रस्सा केला आणि आम्ही सगळ्यांनी तो चवीने खाल्ला.