मंत्र्याच्या आईचं आडनाव

मास्तरांचं डोकं फिरवायला हल्ली एक आडनाव पुरायचं. ते त्यांचं नव्हतं, शेजाऱ्यांचं नव्हतं, नात्यागोत्यातल्या कुणाचंही नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी स्पेनमध्ये जेमतेम दोन वर्षं मंत्रिपद भोगलेल्या एका माणसाचं ते आडनाव, रोसालेदा मोन्तिएल. शाळेत इतिहास शिकवून मास्तर निवृत्त झाले आणि हात धुऊन या मंत्र्याच्या मागे लागले. एवढ्या मोठ्या जगात त्यांना हाच का सापडला, हे घरात कुणी विचारत नसे. विचारलं की उत्तर जेवण गार होईपर्यंत चालायचं.

आता त्याच्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक छापायला निघालं होतं. आयुष्यातलं पहिलं, आणि डोळ्यांची अवस्था बघता बहुधा शेवटचंही. त्यात एकही चूक राहू नये एवढीच मास्तरांची इच्छा होती. त्या इच्छेपायी प्रकाशनाच्या कचेरीतल्या संपादिकाबाईंच्या नाकी नऊ आले होते.

अर्थात, सुरुवात बाईंनीच केली होती. लांबलचक आडनाव पानोपानी कशाला, म्हणून त्यांनी सगळीकडे नुसतं 'मोन्तिएल' करून टाकलं. मास्तरांनी तडक फोन लावला.

"अहो बाई, तिकडे माणसाला दोन आडनावं असतात. आधी बापाचं, मग आईचं. छाटायचंच असेल तर पहिलं ठेवा. तुम्ही माझ्या मंत्र्याला आजोळी नेऊन बसवलंत!"

"पण सर, इंग्रजी वाचणारे शेवटच्या शब्दालाच आडनाव समजतात."

"समजू देत! त्याचा सख्खा मामा सेनापती होता, तो मोन्तिएल. त्यानं कामगारांना गोळ्या घातल्या, म्हणून भाच्यानं राजीनामा दिला. तुमच्या पुस्तकात गोळ्याही भाच्यानंच घातल्या आणि वर निषेधाचा राजीनामाही त्यानंच दिला! काही ताळतंत्र?"

बाईंनी हात टेकले. घोळ नको म्हणून दोन्ही आडनावं पुन्हा सगळीकडे घातली आणि मुद्रितं तपासायला घरी पाठवली. मास्तरांना बारीक अक्षर दिसेना. मग ती मोठ्यानं वाचायचं काम आपसूक मास्तरीणबाईंच्या गळ्यात पडलं. मास्तरीणबाई हे आपलं लोक म्हणायचे. बाईंनी जन्मात खडू हातात धरला नव्हता. इस्पितळातली नर्सची नोकरी पुरी करून त्या घरी बसल्या होत्या, म्हणजे बसायला मिळेल असं त्यांना वाटलं होतं.

"रोसालेदा मोन्तिएल," त्या वाचायच्या.

"घाई नको. मोन्‌-ति-एल."

"अहो, गॅसवर दूध आहे."

"दूध उतू गेलं तर पुसता येतं. छापलेलं पुसता येत नाही."

बाई वाचत राहिल्या. दूध उतू गेलं, आणि ते अर्थातच बाईंनी पुसलं.

पुस्तक छपाईला जाण्याच्या आदल्या दुपारी संपादिकाबाईंचा फोन आला. आवाजात काकुळती होती आणि धमकीही. "सर, तासाभरानं परत फोन करते. एक दुरुस्ती सांगा, फक्त एक. दुसरी काढलीत तर नोकरी सोडीन मी."

पन्नासाव्या मिनिटाला मास्तर खुर्चीतून उठले. मास्तरीणबाईंनी एका फोटोखालची ओळ वाचली होती, 'सभेत बोलताना मोन्तिएल'. "सापडला! लपून बसला होता लेकाचा! हीच सांगायची." मास्तरांचा चेहरा उजळला. "बघ, राहिलंय का काही?"

"आभाराचं पान राहिलंय."

"वाचून टाक. त्यात काय चुकणार?"

बाईंनी वाचलं. ग्रंथपालांचं पूर्ण नाव होतं. संपादिकाबाईंचं होतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचंही होतं. शेवटी होतं, 'आणि सहनशीलतेबद्दल माझी पत्नी.'

बाईंनी चष्मा काढला. "झालं?"

"झालं ना. का?"

"त्या मंत्र्याच्या आईचं आडनाव जराही झिजू नये म्हणून महिनाभर माझा घसा फोडलात. कॉम्प्युटरवाल्याला नाव आहे. मी कोण? रस्त्यावर मास्तरीण, पुस्तकात पत्नी. इस्पितळात निदान कपड्यावर नावाची पट्टी तरी होती!"

आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांकडे तळटीप नव्हती.

फोन वाजला. मास्तरांनी फोटोकडे एकदा पाहिलं. मंत्री हात उंचावून भाषण ठोकत होता. मास्तरांना त्याचा मनापासून राग आला.

"आभाराचं पान घ्या," ते फोनमध्ये खेकसले. "पत्नीच्या जागी नाव घाला. पूर्ण. तिकडच्या रीतीनं. तिकडे बाई लग्नानंतर आपली आडनावं सोडत नाही. लिहा." त्यांनी बाईंचं नाव सांगितलं, मग सासऱ्यांचं आडनाव सांगितलं, आणि अडखळले. फोनवर हात ठेवून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "अगं... तुझ्या आईचं माहेरचं आडनाव काय गं?"

मास्तरांना मंत्र्याचे खापरपणजोबा पाठ होते.

"जन्म गेला," बाई म्हणाल्या. डोळे भरून आले म्हणून त्या अधिकच चिडल्या. "आता विचारताय!" पण आडनाव त्यांनी सांगितलं, अक्षरन्‌ अक्षर फोडून, चुकू नये म्हणून.

पुस्तक आलं. पहिला फोन जुन्या सहकाऱ्याचा. "काय हो मास्तर, स्पॅनिश आडनाव कसं वापरायचं हेही ठाऊक नाही? फोटोखाली बघा!"

मास्तरांच्या मस्तकात तिडीक गेली. समोर बाई शेजारणीला आभाराचं पान दाखवत होत्या. त्यांचं बोट ओळीतल्या शेवटच्या शब्दावर होतं. "ही माझी आई," त्या सांगत होत्या.

"राहून गेलं," मास्तर फोनवर म्हणाले, आणि दिवसभर धुमसत बसले.