अर्धा तास कापूस

आम्हा दातांच्या डॉक्टरांना एक वाईट खोड असते. पेशंटच्या तोंडात आरसा घालायचा आणि मग विचारायचं, "काय म्हणतात मुलं?" कॉलेजात सर ओरडायचे, "अरे, तो बोलणार कसा?" पण खोड काही गेली नाही.

देसाईकाकांच्या घरी बोलायचं खातं काकांकडेच. काकूंना खुर्चीत बसवून "कुठं दुखतंय?" विचारलं, तरी शेजारून काकाच सांगणार, "डावीकडं."

परवा काकांचीच दाढ काढली. कापूस चावायला देऊन बजावलं, "अर्धा तास बोलायचं नाही." दोघं बाहेर बाकावर बसले. थोड्या वेळानं काकूंचा आवाज आला. आधी दबका, मग मोकळा. कुकरची शिट्टी, शेजारणीचं ऑपरेशन, आणि मग मध्येच, "आठ दिवस ताईकडं राहून यावंसं वाटतं हो. नाही म्हणाल म्हणून कधी विचारलंच नाही."

हत्यारं धुता धुता मी थांबले. रोज इतकी तोंडं उघडायला लावते मी, पण ऐकते कुणाचं?

अर्धा तास झाला. बाहेर जाऊन म्हटलं, "काका, काढा आता कापूस."

काकूंचं बोलणं तिथंच थांबलं. काकांनी हातानंच मला 'थांब' म्हणून खुणावलं, काकूंकडे वळले आणि कापूस आणखी घट्ट चावून धरला.