अडॅप्टर नको म्हणणाऱ्या काकू

क्रूझवर जेवताना आमच्या टेबलावर धायरीच्या एक काकू असायच्या, एकट्याच. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाने तिकीट काढून दिलं होतं. त्यांनी घरून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड जहाजावर चालत नाही म्हणून चढतानाच तपासणीवाल्यांनी काढून घेतला होता, आणि चार्जरची पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसेना. बंद पडलेला फोन त्या पदराने पुसायच्या आणि परत पर्समध्ये ठेवायच्या.

मी माझ्याकडचा जादा अडॅप्टर पुढे केला.

“नको हो,” त्या ओशाळून म्हणाल्या. “जहाजावर वायफाय आहे, फोन सुरू झाला की तो विचारणार, मजा येतेय ना? एवढ्या हौसेने पाठवलंय त्याने. रोज किती खोटं बोलू?”

मला त्यांच्याकडे बघवेना. मागच्या वर्षी मीही आईला हौसेने क्रूझवर पाठवलं होतं. तिचाही फोन आठवडाभर बंद होता. समुद्रात रेंज नसते, म्हणाली होती.